फेरफार केलेल्या वाहनांचे पुनर्विक्री मूल्य

फेरफार केलेल्या वाहनांचे पुनर्विक्री मूल्य म्हणजे उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मालकाने बदल केलेले वाहन पुढील ग्राहकास विकताना मिळणारी किंमत होय. बोलीभाषेत अशा वाहनास ‘मॉडिफाय केलेली गाडी’ म्हणतात. सर्वसाधारण वाहनाची पुनर्विक्रीची किंमत त्याचे वय, धाव, अवस्था व मालकांची संख्या यांवर ठरते. फेरफार केलेल्या वाहनाबाबत यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. बदलांची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात आहे किंवा नाही, हा एक प्रश्न. आणि वाहन पुन्हा मूळ रूपात आणता येईल किंवा नाही, हा दुसरा. बदलांवर झालेला खर्च विक्रीच्या वेळी क्वचितच परत मिळतो. अनेकदा असे वाहन त्याच वयाच्या, बदल न केलेल्या वाहनापेक्षा कमी किमतीस जाते.

हा लेख भारतातील, विशेषतः कोल्हापूर आणि परिसरातील वाहनांसंबंधी आहे.

संज्ञा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये फेरबदलाची व्याख्या दिली आहे. वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल, की ज्यामुळे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, तो फेरबदल होय. आसनांची खोळ, पायपुसणी, गाणी वाजविण्याचे यंत्र या शोभेच्या किंवा सोयीच्या जोडी या व्याख्येत बसत नाहीत. इंजिन बदलणे, सांगाडा कापणे किंवा लांबविणे, आसनसंख्या वाढविणे, इंधनाचा प्रकार बदलणे हे मात्र स्पष्टपणे फेरबदल आहेत. वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असल्याने रंग बदलल्यास त्याचीही नोंद करून घ्यावी लागते.

बाजाराची स्वतःची परिभाषा आहे. बदल न केलेल्या गाडीस ‘स्टॉक’ किंवा ‘कंपनी फिटिंग’ म्हणतात. ‘इंजिनला हात लावलेला नाही’, ‘सिंगल हँड’, ‘बोजा नाही’ ही विक्रेत्याची नेहमीची वाक्ये आहेत. पैकी बोजा म्हणजे वाहनावरील कर्जाची नोंद. जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्यांस कोल्हापूर-सांगलीकडे ‘ऑटो कन्सल्टंट’ म्हणतात, तर परिवहन कार्यालयाच्या तपासणीस ‘पासिंग’ असा शब्द रूढ आहे. फेरफार केलेल्या गाडीच्या किमतीची चर्चा बहुधा या ‘पासिंग’पाशीच येऊन थांबते.

कोल्हापूरची पार्श्वभूमी

कोल्हापुरात वाहनांत बदल करण्याची हौस वाढण्यास तेथील उद्योगाचे स्वरूप बरेचसे कारणीभूत आहे. शिवाजी उद्यमनगरातील लहान यंत्रशाळांनी शेतीच्या ऑइल इंजिनांपासून सुट्या भागांपर्यंत अनेक वस्तू घडविल्या. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे मोठे कारखाने उभे राहिले व वाहन उद्योगास लागणारे ओतीव भाग येथून देशभर जाऊ लागले. परिणामी लेथ चालविणारा, वेल्डिंग करणारा, साचा बनविणारा आणि इंजिन उघडणारा कारागीर शहरात हाकेच्या अंतरावर मिळतो. दुसऱ्या शहरात जो भाग मागवावा लागतो, तो येथे बनवून घेता येतो. हातचे काम उत्तम असले, तरी त्या भागावर उत्पादकाचा शिक्का व चाचणीचे प्रमाणपत्र नसते. कामाची गुणवत्ता आणि कागदावरील मान्यता यांतील ही दरी पुनर्विक्रीच्या वेळी उघडी पडते.

मोटार शर्यतींची परंपरा हेही एक कारण आहे. मोहिते रेसिंग अकादमीमुळे शहराचे नाव या क्रीडाप्रकाराशी जोडले गेले. शर्यतीसाठी सज्ज केलेले वाहन हा निराळा प्रकार असून ते बंदिस्त धावपट्टीवर चालते. त्याचा ग्राहकही शर्यतपटूच असतो. अडचण होते ती शर्यतीतील वाहनाचे अनुकरण रस्त्यावरील वाहनात केल्याने. गगनबावडा, राधानगरी, आंबोली या घाटभागांच्या सान्निध्यामुळे उंच केलेल्या, रुंद टायरांच्या जीपगाड्यांनाही येथे हौशी मालक मिळतात.

ऊस वाहतुकीचा परिणाम वेगळा आहे. हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जिल्ह्यातील रस्त्यांवर सर्वत्र दिसतात. त्यांवर बसविलेले ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे आणि चकचकीत पत्रे यांवर मालक व चालक हौसेने खर्च करतात. ट्रॅक्टर विकताना मात्र ग्राहक इंजिनाचे तास, हायड्रॉलिक आणि टायर पाहतो. ध्वनिक्षेपक बहुधा जुना मालक उतरवून नव्या ट्रॅक्टरवर चढवितो.

किंमत घटण्याची कारणे

पहिले कारण ग्राहकांच्या संख्येचे आहे. मूळ रूपातील गाडी कोणासही चालते. फेरफार केलेली गाडी फक्त तीच आवड असलेल्यास चालते, आणि ज्याला तशी आवड असते तो बहुधा स्वतःच्या मनासारखे बदल स्वतःच करू इच्छितो. दुसऱ्याच्या हौसेचे पैसे तो देत नाही. ‘हौसेला मोल नसते’ ही म्हण जुन्या वाहनांच्या बाजारात अगदी शब्दशः खरी ठरते.

दुसरे कारण संशयाचे आहे. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी बोअर मोठा केलेला असेल, कार्ब्युरेटर बदललेला असेल किंवा इंजिन नियंत्रकाची आज्ञावली पुन्हा लिहिलेली असेल, तर ग्राहक असा निष्कर्ष काढतो की गाडी जोरात पळविण्यासाठीच हे केले असावे. क्लच, गिअर, बेअरिंग आणि ब्रेक हे भाग मूळ शक्तीच्या हिशेबाने बनविलेले असतात. वाढीव शक्तीचा ताण त्यांवर किती पडला हे बाहेरून दिसत नाही. ही अनिश्चितता ग्राहक किमतीतून वजा करतो. मालकाने गाडी जपून वापरली असली तरी तसे सिद्ध करण्याचे साधन त्याच्याकडे नसते. कोणते काम केव्हा, कोठे व कोणत्या भागांनी झाले याच्या पावत्या असतील, तर ही वजावट कमी होते. पावती न घेण्याच्या सवयीची किंमत येथे मोजावी लागते.

तिसरे कारण मजुरीचे आहे. खर्चापैकी मोठा वाटा मजुरीचा, रंगकामाचा आणि बसवणुकीचा असतो. मॅग व्हील काढून वेगळे विकता येते; रंग काढून विकता येत नाही.

चौथे आणि सर्वांत वजनदार कारण म्हणजे कागद. नोंदणी प्रमाणपत्रातील वर्णन आणि समोर उभी असलेली गाडी यांत तफावत असेल, तर गाडी नावावर करताना, पुनर्नोंदणी करताना किंवा परराज्यात नेताना अडचण येते. ही अडचण सोडविण्याचा खर्च ग्राहक आधीच किमतीतून कापतो. व्यापारी तर असे वाहन अनेकदा मूळ भाग परत बसविण्याच्या अटीवरच घेतात.

मोटार वाहन कायद्यातील तरतुदी

कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात निर्दिष्ट केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. इंधन बदलणे, मान्यताप्राप्त संच बसविणे किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेणे यांसाठी मात्र विहित अटींवर वाट ठेवलेली आहे. भाडेखरेदीने घेतलेल्या वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात निर्णय देताना उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांस नोंदणी देता येणार नाही, असे स्पष्ट केले. प्रकरण केरळमधील होते. निर्णयाचा परिणाम देशभरातील परिवहन कार्यालयांवर झाला. तोपर्यंत किरकोळ म्हणून दुर्लक्षिले जाणारे बदल तपासणीत अडू लागले आणि बाजारातील मूळ रूपाचे महत्त्व वाढले.

२०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने कलम १८२अ समाविष्ट केले. नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. ‘प्रत्येक फेरबदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एका गाडीत चार नियमबाह्य बदल असल्यास दंडही चार वेळा लागू शकतो. याच कलमात नियमबाह्य वाहन विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठीही शिक्षेची तरतूद असून, विक्रीच्या वेळी दोष कोणता आहे हे ग्राहकास सांगितले होते असे सिद्ध केल्यास व्यापाऱ्यास बचाव मिळू शकतो.

काही विशिष्ट बदलांसंबंधी स्वतंत्र निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ एप्रिल २०१२ च्या निर्णयाने काचांवर काळ्या फिती चिकटविण्यास मनाई झाली. काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचे किमान प्रमाण पुढील व मागील काचेस ७० टक्के आणि बाजूच्या काचांस ५० टक्के असे ठरलेले आहे. गाडीच्या पुढे बसविण्यात येणाऱ्या लोखंडी संरक्षक नळ्यांविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली. अशा नळ्या पादचाऱ्यास घातक ठरतात. शिवाय धडकेचा जोर थेट सांगाड्यात गेल्याने हवेच्या पिशव्यांच्या कार्यात बाधा येऊ शकते.

क्रमांकपट्टीवरील कलाकुसर हा याच मालिकेतील प्रकार आहे. ४१४१ हा आकडा ‘दादा’ असा वाचता यावा म्हणून अक्षरांचे वळण बदलणे महाराष्ट्रात सुपरिचित असले, तरी नियमबाह्य आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी उत्पादकाकडूनच मिळते.

दुचाकी : बुलेट आणि आरएक्स १००

कोल्हापुरात फेरफाराचे सर्वाधिक प्रयोग दुचाकींवर होतात, आणि त्यांत रॉयल एनफिल्ड बुलेटचा क्रमांक वरचा आहे. सायलेन्सर बदलणे हा पहिला बदल. ‘पंजाब’, ‘इंदोरी’ अशा बाजारनावांनी हे सायलेन्सर विकले जातात. १७५ घनसेंमीहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीस निर्मितीच्या टप्प्यावर ८० डेसिबल ही ध्वनिमर्यादा आहे. आतील जाळी व पडदे काढलेला सायलेन्सर ती सहज ओलांडतो. कलम १९० नुसार ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो व अनुज्ञप्तीही तीन महिने अपात्र ठरते. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याच्या पोलिसी मोहिमा राज्यातील अनेक शहरांत झालेल्या आहेत. मूळ सायलेन्सर ज्याने भंगारात दिला, त्याला विक्रीपूर्वी तो नव्याने विकत घ्यावा लागतो.

यामाहा आरएक्स १०० हे याच्या उलट उदाहरण आहे. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या सहयोगातून ही ९८ घनसेंमीची द्विघाती दुचाकी १९८५ मध्ये भारतीय बाजारात आली आणि प्रदूषणाचे निकष कडक झाल्यावर १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. वजनाने हलकी आणि सुमारे ११ अश्वशक्तीची ही गाडी तरुणांत अतिशय लोकप्रिय ठरली. आज चांगल्या अवस्थेतील आरएक्स १०० तिच्या मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाते. पण ही किंमत मूळ रूपासाठी मिळते. प्रारंभीच्या काळातील जपानी बनावटीचे भाग, मूळ कार्ब्युरेटर, मूळ टाकी, जुळणारे इंजिन व चासी क्रमांक यांची ग्राहक बारकाईने तपासणी करतो. पोर्ट कोरून मोठे केलेले, बोअर वारंवार वाढविलेले इंजिन असेल तर किंमत लगेच खाली येते. सिलिंडरच्या भिंतीतून एकदा कोरून काढलेला धातू परत बसविता येत नाही.

या दुचाकींबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. सर्वच आरएक्स १०० या मुदतीपलीकडे गेलेल्या आहेत. नोंदणी नूतनीकरण न झालेली, बदललेल्या इंजिनाची गाडी कितीही देखणी असली, तरी रस्त्यावर आणण्यास पात्र नसते. जाणकार ग्राहक तिला सुट्या भागांचीच किंमत देतात.

जीप, वडाप आणि मालमोटार

महिंद्रच्या जीपगाड्यांत पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. ज्या मालकांनी त्या वेळी इंजिनबदलाची नोंद करून घेतली, त्यांची वाहने आजही विनासायास हस्तांतरित होतात. ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या वाहनाचा इंजिन क्रमांक कागदाशी जुळत नाही, आणि मधल्या काळात दोन-तीन मालक झाले असतील तर ते इंजिन कोठून आले हे सांगणारा कोणी उरत नाही. अशा इंजिनावर चोरीच्या मालाचा संशय येऊ शकतो. त्यामुळे किमतीची घासाघीस सुरू होण्यापूर्वीच व्यवहार मोडतो.

ग्रामीण भागात ‘वडाप’ म्हणून चालणाऱ्या प्रवासी जीपमध्ये जादा फळ्या टाकून आसने वाढविली जात. त्या वाहनाचे उत्पन्न वाढे. परंतु सांगाड्यावरील ताण, झिजलेले पाटे आणि वाकलेली मागील बाजू यांमुळे पुढे त्याची किंमत घसरे.

मालमोटारीचे गणित खासगी गाडीपेक्षा निराळे आहे. ट्रक पुष्कळदा केवळ चासी म्हणून विकला जातो व त्यावरील हौदा बॉडी बिल्डर बांधतो. म्हणजे बांधकाम उत्पादकाबाहेरचे असणे हे येथे मुळातच मान्य आहे, मात्र ते ठरलेल्या संहितेनुसार आणि नोंदीसह व्हावे लागते. परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र लागते; पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी ते नव्याने घ्यावे लागते. जादा पाटे घालून वा फाळके उंच करून भारक्षमता वाढविलेल्या ट्रकला काही मालवाहतूकदारांकडून अधिक मागणी असते, हे खरे आहे. परंतु त्या वाढीव किमतीचे आयुष्य पुढील पासिंगपुरतेच असते, आणि पासिंगच्या दिवशी उतरवून ठेवलेले पाटे दुसऱ्या दिवशी परत चढविण्याने धोका कमी होत नाही.

विमा आणि घोषित मूल्य

विम्याच्या दृष्टीने वाहनाचे मूल्य ‘विमा घोषित मूल्य’ या संज्ञेने ओळखले जाते. उत्पादकाच्या चालू विक्रीकिमतीतून वयानुसार घसारा वजा करून ते काढतात. रूढ तक्त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. त्यापुढील वाहनाचे मूल्य विमाकंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते.

उदाहरणादाखल, चालू किंमत २,००,००० रुपये असलेली दुचाकी साडेतीन वर्षांची आहे असे मानल्यास तिचे घोषित मूल्य १,२०,००० रुपये येते. मालकाने तिच्यावर ७०,००० रुपयांचे बदल केले असतील, पण विमापत्रात ते सांगितले नसतील, तर गाडी चोरीस गेल्यावरही हिशेब १,२०,००० रुपयांचाच होतो. जादा हप्ता भरून जोडसामग्री नोंदविता येते. मात्र तिलाही घसारा लागतो आणि नियमबाह्य सामग्री अशा रीतीने नियमित होत नाही. जुन्या गाडीची किंमत सांगताना अनेक व्यापारी हेच घोषित मूल्य आधारास घेतात, त्यामुळे न सांगितलेला बदल येथेही शून्यच धरला जातो.

न कळविलेल्या फेरबदलाचा अपघाताशी संबंध दिसल्यास मालकाच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा किंवा त्यात कपात होण्याचा संभव असतो. घासाघीस करून दोन-चार हजार वाचविणाऱ्या ग्राहकाने विचारात घ्यावा असा खरा धोका हा आहे.

मूळ भागांचे जतन

अनुभवी मालक काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतात. विक्रीपूर्वी मूळ सायलेन्सर, चाके, हँडल, आरसे, दिवे परत बसवून गाडी कंपनी फिटिंगमध्ये आणली जाते, आणि जोडसामग्री स्वतंत्रपणे विकली जाते. दोन्हींची मिळून येणारी रक्कम सजविलेल्या गाडीच्या एकत्रित किमतीहून बहुधा अधिक असते. नटबोल्टने बसविलेला बदल असा मागे घेता येतो. कापलेला सांगाडा, वितळविलेला सांधा किंवा छेदलेली तारांची जुडी मागे घेता येत नाही. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकमेकींत गुंतलेली असल्याने एक तार कापून जोडलेला जादा दिवादेखील उत्पादकाची हमी संपुष्टात येण्यास कारण होऊ शकतो. हमी शिल्लक असलेल्या गाडीस बाजारात जास्त भाव असतो, हे वेगळे सांगावयास नको.

परदेशांतही हाच अनुभव येतो. उत्तर अमेरिकेत बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलला टर्बो संच, लांब पट्टा, बदललेले सस्पेन्शन बसविणारे हौशी लोक आहेत, आणि विकताना मूळ भाग परत बसवून जोडसामग्री वेगळी विकण्याचा सल्ला तेथेही दिला जातो. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडून बदलाची पाहणी होऊन तो वाहनाच्या कागदपत्रांत नोंदविला जातो. त्यामुळे तेथे नोंदविलेला बदल आणि चोरटा बदल यांत ग्राहकास स्पष्ट भेद करता येतो.

किंमत टिकविणारे बदल

सर्वच बदल तोट्याचे नसतात. सीएनजी संच हे त्याचे ठळक उदाहरण होय. मान्यताप्राप्त संच अधिकृत केंद्रात बसवून नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाचा उल्लेख करून घेतला असेल व टाकीची दर तीन वर्षांनी होणारी जलदाब चाचणी वेळेवर झाली असेल, तर रोज लांबचा प्रवास करणारा ग्राहक त्याची किंमत देतो. तोच संच नोंदीविना असेल तर व्यापारी तो काढूनच गाडी मागतो. विजेवर चालविण्यासाठी केलेल्या रूपांतराबाबतही मान्यताप्राप्त संच आणि नोंद हीच कसोटी आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संचांची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक असून तिची स्थापना १९६६ मध्ये झाली.

दिव्यांग चालकासाठी हातानियंत्रित केलेल्या मोटारीस सर्वसाधारण बाजारात ग्राहक कमी असतात. मात्र तशी गरज असलेल्यास तयार व नोंदविलेली गाडी मिळणे मोलाचे असते. अशा व्यवहारांत ओळखीपाळखीचा उपयोग जाहिरातीपेक्षा अधिक होतो.

ऐतिहासिक वाहने

संस्थानी काळात उंची मोटारींची चासी एकाकडून व बांधणी दुसऱ्याकडून करवून घेण्याची रीत जगभर होती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (राज्यकाल १९२२–१९४०) यांच्या काळातील जर्मन बनावटीची मेबॅक मोटार आजही शाही दसऱ्याच्या सोहळ्यात दसरा चौकात आणली जाते आणि ती पाहण्यास गर्दी लोटते. अशा मोटारीत ग्राहकाच्या इच्छेनुसार केलेली घडणच तिचे वैशिष्ट्य ठरते, कारण ती घडण मूळ निर्मितीचा भाग असते.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये प्राचीन मोटार वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना, ती मूळ रूपात राखलेली असल्यास, ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. चासी, बाह्य सांगाडा किंवा इंजिनात बदल झालेले असल्यास वाहन या वर्गात बसत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून असे वाहन विकल्यास खरेदीदार व विक्रेता या दोघांनी ९० दिवसांत परिवहन विभागास कळवावयाचे असते. जुन्या जीपमध्ये नवे इंजिन बसविणाऱ्या मालकाने ही शक्यता गमावलेली असते.

हस्तांतरण

कोल्हापूर परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेत एमएच ०९ आहे. कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात. कर्ज असल्यास नमुना ३५ द्वारे बोजा उतरविला जातो. निपाणी किंवा बेळगाव येथील ग्राहक कर्नाटकात नोंदणी करणार असल्यास नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. तेथील कार्यालय गाडीची नव्याने पाहणी करीत असल्याने फेरफार केलेल्या गाडीस सीमेपलीकडचा ग्राहक मिळविणे अधिक कठीण जाते. थकीत इ-चलन असल्यास तेही आधी भरावे लागते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर झालेले दंड पुष्कळदा याच वेळी मालकाच्या लक्षात येतात.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची पद्धत लागू झाली. मालकाने वाहन अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात देऊन तशी सूचना संकेतस्थळावर नोंदविली, की वाहन पुढे विकले जाईपर्यंतची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते.

केवळ कोऱ्या नमुन्यावर सह्या घेऊन किंवा मुद्रांकावर करार करून गाडी ताब्यात देण्याची प्रथा अद्याप आढळते. फेरफार केलेल्या गाडीबाबत ती अधिक आढळते, कारण पाहणीत गाडी अडेल या भीतीने नाव बदलणेच टाळले जाते. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी असे म्हटले, की अपघाताच्या दिवशी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच नुकसानभरपाईच्या प्रयोजनासाठी मालक होय. गाडी मधल्या काळात कितीही हात बदललेली असो. त्या प्रकरणातील मोटार नोंदीविना एकामागून एक अनेकांकडे गेलेली होती आणि भरपाईची जबाबदारी पहिल्या नोंदणीकृत मालकावर आली.